सँटोरिनी सहल: अक्रोतिरी न दाखवल्याबद्दल व इतर त्रुटींबद्दल तक्रार

नाशिक
9 ऑक्टोबर 2025

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय, मुंबई

विषय: 13 ते 21 सप्टेंबर 2025, ‘अथेन्स आणि सँटोरिनी’ समूह सहल. छापील कार्यक्रमातील ठिकाणे वगळणे, चुकीचे हॉटेल देणे व पासपोर्ट अडवून ठेवणे.

महोदय / महोदया,

तुमच्या नाशिक शाखेतून आम्ही पतीपत्नींनी जानेवारीत ही सहल घेतली. माणशी 2,35,000 रुपये, वर जीएसटी आणि टीसीएस (सहल कंपनीने सरकारसाठी गोळा करायचा आगाऊ आयकर), असे दोघांचे मिळून 5,18,175 रुपये आम्ही ठरल्या तारखांना भरले. सहल पितृपक्षात आली म्हणून नातेवाइकांची बोलणी खाल्ली ती वेगळी. त्याचा दोष तुमच्यावर नाही, दर कमी म्हणून त्या तारखा आम्हीच निवडल्या होत्या.

फेब्रुवारीत सँटोरिनीला भूकंपांची मालिका सुरू झाली आणि हजारो लोक बेट सोडून गेले, तेव्हा मी शाखेत फोन केला होता. ‘सप्टेंबरपर्यंत सगळं सुरळीत होईल, काळजी करू नका,’ असे मला सांगण्यात आले आणि तसेच झालेही. हा फोन लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

मी एकतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. सहावीच्या मुलांना हडप्पा संस्कृतीची झाकलेली गटारे फळ्यावर काढून दाखवताना तशीच गटारे असलेल्या एजियन समुद्रातल्या एका गावाबद्दलही मी सांगायची. ते गाव अक्रोतिरी. साधारण 3,600 वर्षांपूर्वी सँटोरिनीचा ज्वालामुखी फुटला आणि दोन-तीन मजली घरांचे हे गाव राखेखाली जसेच्या तसे गाडले गेले. 1967 साली ग्रीक पुरातत्त्वज्ञ स्पिरिदोन मारिनातोस यांनी उत्खनन सुरू केले, तेव्हा रंगीत भित्तिचित्रे मिळाली, धान्याचे रांजण मिळाले, पण माणसांचे सांगाडे मिळाले नाहीत. आधीच्या भूकंपांनी सावध होऊन लोक निघून गेले असावेत, असे मानतात. तिथल्या एका भित्तिचित्रात निळी माकडे आहेत. शेपट्या वर वळवलेली ही माकडे आफ्रिकेतली नसून आपल्याकडची वानरे असावीत, असे काही अभ्यासकांनी 2020 च्या सुमारास मांडले. ते सगळ्यांनाच पटलेले नाही. पण काळ्या तोंडाचा आपला हुप्प्या तिथल्या भिंतीवर कसा पोहोचला असेल, हा प्रश्न मला निवृत्तीनंतरही स्वस्थ बसू देत नव्हता.

एवढे लिहिण्याचे कारण असे की ग्रीसच्या सहली आणखी चार कंपन्यांकडे होत्या आणि त्यातल्या दोन स्वस्तही होत्या. तुमच्या माहितीपत्रकात पाचव्या दिवसासमोर ‘अक्रोतिरी उत्खनन, मार्गदर्शकासह दोन तास (प्रवेश तिकीट समाविष्ट)’ आणि सहाव्या दिवसासमोर ‘फिरा येथील प्रागैतिहासिक संग्रहालय’ (फिरा हे बेटावरचे मुख्य गाव) असे छापले होते, म्हणून मी तुमच्याकडे आले. शाखेतल्या मुलीला मी हे दोनदा विचारले. तिने त्या ओळींखाली पेनाने रेघ मारून दिली. तो कागद माझ्याकडे आहे.

त्या पाचव्या दिवशी, सकाळी बसमध्ये टूर मॅनेजरने माइकवर जाहीर केले की भूकंपानंतर अक्रोतिरी बंद आहे, म्हणून आज त्याऐवजी वाइनरी आणि रेड बीच. माझ्या पोटात गोळा आला, पण बंद म्हटल्यावर काय बोलणार? दुपारी रेड बीचकडे जाताना बस उत्खननाच्या फाटकासमोरून गेली. फाटक उघडे होते. तिकीट खिडकीपाशी माणसे उभी होती आणि एका दुसऱ्या सहलीचा गट छत्री उंचावलेल्या मार्गदर्शकामागून आत चालला होता. मी खिडकीवर बोट ठेवून मोठ्याने म्हणाले, ‘अहो, हे तर चालू आहे!’ मॅनेजर म्हणाला, ‘काकू, ते फक्त आधी बुकिंग केलेल्यांसाठी असतं.’ म्हणजे सकाळी भूकंप होता आणि दुपारी बुकिंग झाले. बुकिंगच लागत असेल, तर ते करायचे काम कोणाचे होते?

रेड बीचवर आम्ही वीस मिनिटे उभे राहून फोटो काढले. वाइनरीत मात्र दोन तास गेले, त्यातला निम्म्याहून जास्त वेळ तिथल्या दुकानात. वाइनरीच्या बाईंनी सांगितलेली माहिती उत्तम होती, हे मला प्रामाणिकपणे लिहायला हवे. तिथे वारा इतका की द्राक्षाची वेल मांडवावर चढवतच नाहीत. जमिनीलगत गोल गोल वळवून तिची टोपली करतात आणि घड आत वाढतात. आम्ही नाशिकची माणसे, द्राक्षाच्या गोष्टीला आम्ही कंटाळत नाही. पण द्राक्षे आम्हाला घराबाहेर पडल्यावर दिसतात. अक्रोतिरी दिसत नाही.

संध्याकाळी हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या बाईंना मी विचारले. त्या म्हणाल्या, उन्हाळाभर चालू आहे, इथून फिराला बस जाते आणि फिराहून अक्रोतिरीला दुसरी. त्यांनी वेळापत्रक छापूनही दिले. म्हणून मी मॅनेजरला सांगितले, उद्या तुमची बोटीची फेरी आम्हा दोघांना नको, आम्ही आमच्या खर्चाने अक्रोतिरीला जातो, आमचे पासपोर्ट तेवढे द्या. तेव्हा त्याने सांगितले, ‘व्हिसा ग्रुपचा आहे. तुम्ही ग्रुप सोडलात तर इन्शुरन्स रद्द होईल आणि काही झालं तर कंपनी जबाबदार नाही.’ पासपोर्ट त्याच्या बॅगेतच राहिले. परत आल्यावर मी व्हिसा नीट पाहिला. तो माझ्या नावाचा, माझ्या पासपोर्टवरचा स्वतंत्र शेंगेन व्हिसा आहे. विम्याची पॉलिसी अथपासून इतिपर्यंत वाचली. दिवसभर गटापासून वेगळे गेल्यास विमा रद्द होतो असे तिच्यात कुठेही लिहिलेले नाही. परक्या देशात साठीपुढच्या माणसांना असे घाबरवणे ही तुमची लेखी पद्धत आहे की त्या मुलाने स्वतः लढवलेली शक्कल, हे मला कळले पाहिजे. पासपोर्ट प्रवाशाच्या ताब्यात असतो, तो सांभाळायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

दुसऱ्या दिवसाचे थोडक्यात सांगते. बोट नेआ कामेनी या ज्वालामुखीच्या बेटाच्या काळ्या दगडांवर घेऊन गेली, ते चांगले झाले. परतताना फिराच्या खालच्या जुन्या बंदरात उतरवले. बंदरातून गावात जायला केबल कार, खेचरे किंवा 588 पायऱ्या. त्या दिवशी तीन मोठ्या क्रूझ बोटी लागलेल्या होत्या. कोणत्या दिवशी किती क्रूझ येणार याचे वेळापत्रक आधीच जाहीर असते. आमच्या पॅकेजमध्ये केबल कारचे तिकीट समाविष्ट होते, तरी ‘ते स्वखर्चाने’ असे ऐनवेळी सांगितले. यजमानांच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदललेली आहे, हे बुकिंगच्या फॉर्मवर आम्ही लिहून दिले होते. मॅनेजरने त्यांना खेचर सुचवले. ते रांगेत उन्हात सव्वा तास उभे राहिले.

त्या रांगेमुळे फिरात मिळायच्या अडीच तासांचे पाऊण तास झाले. गावाचे नाव फिरा आणि फिरायलाच वेळ नाही! संग्रहालयाचा कार्यक्रम ‘वेळेअभावी रद्द’. यजमानांना एका बाकावर बसवून मी एकटीच विचारत विचारत धावले. तिकीट काढले, आत गेले आणि ती निळी माकडे पाहिली. एकाने मान वळवून मागे बघितलेले आहे. जेमतेम नऊ मिनिटे झाली असतील, तेवढ्यात फोन आला, ‘काकू, बस सुटतेय, सगळे तुमच्यासाठी थांबलेत.’ अक्रोतिरीत सापडलेली सोन्याची छोटी बकरी त्याच इमारतीत होती, ती राहिलीच. बसमध्ये चढले तेव्हा सगळ्यांचे चेहरे माझ्यावर रागावलेले. उशीर कंपनीचा आणि शिक्षा मला, असा तो प्रकार झाला.

आता हॉटेल. कॅल्डेराच्या, म्हणजे ज्वालामुखी खचून झालेल्या आणि समुद्राने भरलेल्या विवराच्या, दृश्यासाठी तुम्ही माणशी 18,000 रुपये वेगळे घेतलेत आणि पावतीवर तसे लिहिले आहे. आम्हाला ठेवले कामारीला. कामारी बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर आहे आणि कॅल्डेरा पश्चिमेला. मध्ये अख्खे बेट. कामारीच्या खोलीतून कॅल्डेरा दिसायला खोलीला चाकेच हवीत. आमच्या बाल्कनीतून विमानतळाची धावपट्टी आणि उतरणारी विमाने दिसत होती. गाव वाईट नव्हते, काळ्या गोट्यांचा किनारा छान होता, रात्री लोक शांतपणे फेरफटका मारत. पण 18,000 रुपये आम्ही विमाने मोजण्यासाठी दिले नव्हते. मॅनेजरचे उत्तर: ‘ऐन सीझनमध्ये मिळालं ते घ्यावं लागतं.’ बुकिंग जानेवारीतले आहे, एवढेच मी सांगितले.

अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून सँटोरिनीला येताना ‘हायस्पीड फेरी’ लिहिली होती, दिली साधी. पाच तासांऐवजी आठ तास. तिकिटातला फरक परत करा, पण खरे सांगायचे तर सहलीतले ते आठ तास मला सर्वांत आवडले. नाक्सोस बंदरात बोट शिरताना टेकाडावर अपोलोच्या अपुऱ्या राहिलेल्या देवळाचा संगमरवरी दरवाजा दिसतो, नुसती चौकट, मागे समुद्र. तुमचा मॅनेजर झोपला होता. डेकवरच्या दहा-बाराजणांना मीच ते समजावून सांगितले. त्याचे मानधन मागत नाही.

जेवणाबद्दल मी भांडणार नाही असे ठरवले होते, तरी एक लिहिते. एक रात्र ‘स्थानिक शाकाहारी भोजन’ छापले होते. तिन्ही रात्री पाकिटातल्या ग्रेव्हीचे पनीर आणि जीरा राइस मिळाला. रस्त्यापलीकडच्या खानावळीत टोमॅटोची भजी होती, पांढरी वांगी होती आणि तिथली प्रसिद्ध फावा होती. ही फावा म्हणजे पिवळ्या डाळीचे घट्ट वरण, ऑलिव्ह तेल आणि कांदा घातलेले. ती डाळ आपल्या लाखोळीच्याच कुळातली. म्हणजे बेटावरची माणसे आपल्यासारखेच जेवतात, आणि तुम्ही आम्हाला दिल्लीच्या हॉटेलात बसल्यासारखे जेवू घातलेत. शेवटच्या रात्री आम्ही दोघे आमच्या पैशांनी तिथे जेवलो.

सूर्यास्तासाठी ईया गावात बस पोहोचली तेव्हा सूर्य जवळजवळ बुडाला होता, कारण वाटेत भेटवस्तूंच्या दुकानात पन्नास मिनिटे थांबलो. आम्ही लोकांच्या पाठी आणि वर धरलेले फोन पाहिले. (गावाचा उच्चार ‘ओया’ नाही, हेही कोणीतरी मॅनेजरला सांगा.)

अथेन्सचे तीन दिवस चोख होते. अक्रोपोलिसवरच्या स्थानिक मार्गदर्शक बाई विद्वान होत्या आणि त्यांच्यामुळे माझे पैसे थोडेतरी वसूल झाले. तुमचा मॅनेजरही दुष्ट नाही. पंचविशीतला मुलगा, एकटा 38 जणांना सांभाळत होता, कोणाची औषधे शोधत होता, कोणाच्या बॅगा उचलत होता. त्याला खोटे का बोलावे लागले, हे तुम्ही त्याला नाही, स्वतःला विचारा. माझा अंदाज असा की अक्रोतिरीची तिकिटे काढलीच नव्हती, आणि वाइनरी व दुकान यांच्याकडून कमिशन येते. अंदाज चुकीचा असेल, तर आमच्या गटासाठी काढलेल्या तिकिटांच्या प्रती पाठवा, मी लेखी माफी मागेन.

‘कार्यक्रमात बदल करण्याचा अधिकार कंपनीकडे राहील’ हे कलम तुम्ही दाखवाल, म्हणून आधीच लिहिते. वादळ आले, फेरी रद्द झाली, संप झाला, तर ते कलम मला मान्य आहे. फाटक उघडे असताना बंद सांगणे हा बदल नव्हे, ती फसवणूक आहे.

माझ्या मागण्या अशा. हॉटेलचे वेगळे घेतलेले 36,000 रुपये परत करावेत. अक्रोतिरी, संग्रहालय आणि केबल कार यांची तिकिटे व फेरीतला फरक प्रत्यक्ष दरांनुसार हिशेब दाखवून द्यावा. अक्रोतिरी चुकवल्याबद्दल आणि पासपोर्ट अडवल्याबद्दल 50,000 रुपये भरपाई द्यावी. पासपोर्टबाबत तुमचे धोरण काय, हे लेखी कळवावे. आणखी एक: जूनमध्ये भरलेल्या रकमेवरचा टीसीएस माझ्या पॅनवर फॉर्म 26एएसमध्ये (आयकर खात्याच्या जमा कराच्या तक्त्यात) अजून दिसत नाही, टीसीएसचे 27डी प्रमाणपत्रही आलेले नाही. जानेवारीच्या हप्त्याचा दिसतो, म्हणजे पॅन बरोबर आहे. हे पैसे तुम्ही माझ्याकडून सरकारसाठी घेतले आहेत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली नाशिकच्या जिल्हा आयोगाकडे जाईन. राहत्या जिल्ह्यात तक्रार करायची सोय त्या कायद्यात आहे. शाळेत असताना ग्राहक दिनाची भाषणे मीच लिहून द्यायची. माहितीपत्रक, पावत्या, व्हिसाची प्रत, संग्रहालयाचे तिकीट आणि बसच्या खिडकीतून काढलेला उघड्या फाटकाचा फोटो (वेळ दुपारी 2.10) सोबत जोडला आहे.

आपली,
सहलीतील एक प्रवासी
(नाव व बुकिंग क्रमांक जोडपत्रात)

ता. क. तुमच्या फेसबुक पानावर आमच्या गटाचा फोटो ‘कॅल्डेराच्या काठी मुक्काम’ या ओळीसह टाकला आहे. त्यात डावीकडून तिसरी मी आहे. तिथे आम्ही बस वळवून घेईपर्यंत थांबलो होतो. तो फोटो काढून टाकावा.