चेरीच्या वाणांचे कोष्टक आणि आपली थंडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काजू-आंब्याच्या बागेत गोड चेरी लावा, असा सल्ला आमच्या खानापूर तालुक्यात मोबाइलवरून फिरतो आहे. सोबत वाणांचे कोष्टक असते, पण त्यात झाडामागे किती किलो आणि फळ किती ग्रॅमचे, एवढेच दिलेले असते. हे दोन आकडे एकमेकांच्या विरुद्ध ओढतात, हे त्यात कुठेच येत नाही. जिझेलासारख्या ठेंगण्या खुंटावरचे (म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधतात त्यावरचे) कलम लवकर आणि लगडून फळते खरे, पण छाटणी चुकली की फळ बारीक राहते आणि गोडीही उतरते. बिंग हा वाण आकाराला व चवीला नावाजलेला, मात्र तोडणीच्या तोंडावर पाऊस लागला की त्याची साल तडकते. रेजिना त्या मानाने तग धरतो. स्टेला हा कॅनडातला १९६८ चा वाण स्वतःच्या परागावर फळतो, उलट बिंग, लॅम्बर्ट आणि नेपोलियन शेजारी-शेजारी लावले तरी त्यांचा पराग एकमेकांना चालत नाही, म्हणजे मोहोर भरघोस आणि फळधारणा जवळपास नाहीच.

मुळात बहुतेक वाणांना हिवाळ्यात ७ अंश सेल्सिअसखालची थंडी साधारण ८०० ते १२०० तास लागते. काश्मीरला ती मिळते. बेळगावात जानेवारीच्या पहाटेही पारा सहसा १० अंशांखाली जात नाही, तेव्हा किलोंचा रकाना आपल्याला काय कामाचा?

मी स्वतः फसलो आहे. एका नर्सरीत काळ्याभोर चेरीचे चित्र लावलेले रोप ४०० रुपयांना घेतले. दुसऱ्याच वर्षी लवदार, चिकट पानांत पांढरी फुले आली, मागोमाग बोटाने दाबताच फुटणारी लाल फळे, आत एका आठळीऐवजी खसखशीसारखे बी. ती सिंगापूर चेरी, म्हणजे नावापुरतीच चेरी असलेले वेगळेच झाड निघाले. (केकवरची लाल ‘चेरी’ पुष्कळदा पाकातले करवंद असते, ते निदान आपल्या रानचे!)

आपल्या शेतीच्या पानावर असे कोष्टक छापताना थंडीचे तास आणि परागासाठी सोबत लावायचा वाण हे दोन रकाने जरूर घालावेत, आणि शेतकऱ्यांनी पावतीवर झाडाचे शास्त्रीय नाव लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आपला,
एक बागायतदार, खानापूर तालुका, जि. बेळगाव