कार्डाची मुदत, बाळंतपण आणि तुमचं येणं

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मृणालच्या जर्मनीच्या व्हिसाची मुदत 31 ऑक्टोबरला संपते आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख नोव्हेंबरच्या मध्यावर आहे. या दोन तारखा शेजारी शेजारी आल्यामुळे तुम्हाला घोर लागलाय, हे तुमच्या आवाजावरूनच कळतं. फोनवर अर्धं बोलणं ‘तब्येत कशी आहे’ यातच जातं, म्हणून सगळं सविस्तर लिहितो. बाबा, तुम्ही सावकाश वाचा. आई, तुझ्यासाठी एक काम आहे, ते शेवटी लिहिलंय. आधी तेच वाचलंस तरी चालेल.

मुख्य मुद्दा असा की, मुदत संपायच्या आत मुदतवाढीचा अर्ज दाखल झाला, तर निर्णय लागेपर्यंत जुना परवाना चालूच आहे असं धरतात. जर्मनीच्या रहिवास कायद्यातल्या कलम 81 च्या पोटकलम 4 मध्ये हे स्पष्ट लिहिलंय. त्यामुळे 1 नोव्हेंबरला मृणाल बेकायदा ठरत नाही. तिचा राहण्याचा हक्क तसाच राहतो आणि आरोग्य विमाही चालू राहतो. दवाखान्यात तर विम्याचं कार्ड बघतात, व्हिसाची तारीख नाही. अर्ज एक दिवस जरी उशिरा गेला तरी मात्र हे संरक्षण आपोआप मिळत नाही. मग ‘विनाकारण फार मोठी अडचण होईल’ हे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला पटवून मागून घ्यावं लागतं, आणि देणं न देणं त्यांच्या हातात असतं. म्हणून ऑगस्टमध्येच अर्ज.

आपण ज्याला व्हिसा म्हणतो ते आता पासपोर्टातलं स्टिकर नाही, आधार कार्डाएवढं प्लास्टिकचं कार्ड आहे. मृणालचं कार्ड ‘पतीकडे राहण्यासाठी’ या सदरातलं आहे, त्यामुळे त्याची मुदत माझ्या ब्लू कार्डापलीकडे (उच्चशिक्षितांना नोकरीसाठी मिळणारा परवाना) जाऊ शकत नाही. माझंही ऑक्टोबरातच संपतंय, म्हणून दोघांचे अर्ज एकत्र गेलेले बरे. तिचा एकटीचा अर्ज आधी टाकला तर माझं नवं कार्ड होईपर्यंत तिची फाइल नुसती पडून राहते. दुसरी अट पासपोर्टची. पासपोर्ट जिथे संपतो त्यापुढची तारीख कार्डावर पडत नाही. मृणालच्या पासपोर्टला अजून बरीच वर्षं आहेत, तेव्हा ती काळजी नको. ज्यांचा पासपोर्ट वर्षभरातच संपणार असतो, त्यांनी आधी भारतीय वकिलातीतून नवा करून घ्यावा आणि मगच परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जावं, नाहीतर वर्षभरात पुन्हा तेच सगळं आणि पुन्हा तीच फी.

कागद फार नाहीत. दोघांचे पासपोर्ट आणि जुनी कार्डं, माझं नोकरीचं करारपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, घरभाड्याचा करार, पत्त्याची नोंदणी, लग्नाचा दाखला, आणि विमा कंपनीचं ‘ही व्यक्ती आमची सदस्य आहे’ असं पत्र. अर्ज बहुतेक याच शेवटच्या पत्रापायी अडतात, कारण लोक विम्याच्या कार्डाचा फोटो जोडतात आणि कार्यालयाला हवं असतं अलीकडच्या तारखेचं पत्र. ते विमा कंपनीच्या ॲपमधून मिळतं, मागायचं लक्षात आलं पाहिजे इतकंच. फोटोही आता कागदावरचा चालत नाही. 1 मे 2025 पासून तो डिजिटलच द्यावा लागतो. मान्यताप्राप्त स्टुडिओत काढला की ते एक कोड देतात, आणि कार्यालय त्या कोडवरून फोटो उतरवून घेतं. काही कार्यालयांत मशीनही बसवलंय. मुदतवाढीची फी माणशी 93 युरो.

अर्ज ऑनलाइन जातो, पण बोटांचे ठसे द्यायला स्वतःलाच जावं लागतं. मोठ्या शहरांत ही अपॉइंटमेंट अर्जानंतर कित्येक आठवड्यांनी मिळते. त्यात चूक कुणाची नाही, माणसं कमी आणि अर्ज ढीगभर. गरोदरपणाबद्दल अर्जात रकाना नसतो आणि त्यावरून परवाना नाकारताही येत नाही. तरी डॉक्टरांचं चार ओळींचं पत्र जोडायचं: अमुक तारखेला प्रसूती अपेक्षित आहे, त्याआधी सहा आठवड्यांच्या आत प्रत्यक्ष हजेरी द्यायला लावू नये. असं पत्र जोडलं की लवकरची वेळ मागता येते, आणि मागण्याला काहीतरी आधार राहतो. दर तपासणीची नोंद असलेली इथली गरोदरपणाची वही असते, तिची मात्र प्रत द्यायची नाही. त्यात रक्तगटापासून जुन्या आजारांपर्यंत सगळं असतं, ते कार्यालयाला कशाला?

ठसे दिले की कार्ड बर्लिनच्या सरकारी छापखान्यात तयार होतं. त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेव्हा मृणाल दवाखान्यात असली तरी हरकत नाही, तिच्या सहीचं अधिकारपत्र घेऊन मी ते आणू शकतो.

आता मधल्या काळाबद्दल. जुनं कार्ड संपलंय आणि नवं हातात नाही, तेव्हा कार्यालय घडीचा एक कागद देतं. इथले आपले लोक त्याला सरसकट ‘फिक्शन’ म्हणतात. फी 13 युरो. अर्ज केल्यावर येणारा ‘आपला अर्ज मिळाला’ हा ईमेल म्हणजे फिक्शन नव्हे. कायद्याचं संरक्षण अर्ज वेळेत गेल्यामुळेच मिळतं, पण ऑफिस, बँक, विमानतळ यांना दाखवायला कागदच लागतो, म्हणून तो वेगळा मागायचा. हातात पडल्यावर तिथेच खुर्चीवर बसून उघडून बघायचा. आत तीन चौकोन असतात: एक ‘वास्तव्य परवानगी असल्यासारखं धरलं जाईल’, दुसरा ‘हद्दपारी स्थगित’, तिसरा ‘परवाना पुढे चालू असल्यासारखा धरला जाईल’. मृणालच्या कागदावर तिसऱ्या चौकोनात खूण हवी, पोटकलम 4 वाल्या. चुकून पहिल्यात पडली तर राहायला अडचण नाही, पण त्या कागदावर देशाबाहेर जाऊन परत येता येत नाही. कारकुनाच्या हातून ही चूक होते, आणि दाखवल्यावर तो पाच मिनिटांत दुसरा कागद देतो. घरी आल्यावर लक्षात आलं, की पुन्हा अपॉइंटमेंटची वाट बघत बसा.

बाबांनी जागेचं विचारलं होतं, दोन खोल्यांत तिसरं माणूस दाखवलं तर अडवतील का म्हणून. नाही अडवत. पुरेशी जागा आहे की नाही हे मोजताना दोन वर्षांखालचं मूल कायद्याने धरतच नाहीत. आणखी एक शंका नेहमी येते, की सरकारी पैसे घेतले तर पुढे व्हिसाला बाधा येईल. मुलासाठी मिळणारा भत्ता (2026 पासून महिना 259 युरो) आणि पालकत्व भत्ता, हे दोन्ही ‘सरकारवर अवलंबून’ या व्याख्येतून कायद्यानेच वगळलेले आहेत. ते न घेण्यात काही शहाणपण नाही.

आई, आता तुझा मुद्दा. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तुझं आणि विहीणबाईंचं म्हणणं मला समजतं, आणि मृणालचाही जीव तिकडेच ओढ घेतो. पण हिशोब करून बघ. बहुतेक विमान कंपन्या 28 व्या आठवड्यानंतर डॉक्टरांचं पत्र मागतात आणि 36 व्या आठवड्यानंतर बसूच देत नाहीत. म्हणजे तिला ऑक्टोबरच्या मध्याच्या आत निघावं लागेल, आणि नेमकी त्याच सुमारास इथे ठशांसाठी तिची गरज आहे. ती तिकडे असताना कार्ड संपलं आणि इथे अर्ज झालेला नसला, तर भारतातून मुदतवाढ मिळत नाही, पहिल्यापासून नवा व्हिसा काढावा लागतो. त्याहून मोठी अडचण बाळाची. भारतात जन्मलेल्या बाळाला आधी पासपोर्ट, मग कुटुंबाकडे येण्याचा जर्मन व्हिसा, आणि त्याला महिने लागतात. तोवर मृणालही तिकडेच. ब्लू कार्डवाल्यांच्या कुटुंबाला सलग 12 महिने बाहेर राहता येतं (इतरांना सहाच), तेव्हा परवाना लगेच जात नाही, पण अर्धं वर्ष बाळ मला फोनवरच बघावं लागेल. जर्मनीत जन्मलेल्या बाळाला व्हिसा लागत नाही. जन्मापासून सहा महिन्यांच्या आत इथेच परवान्याचा अर्ज करायचा, बस्स. जर्मन नागरिकत्व मात्र त्याला आपोआप मिळत नाही. त्यासाठी आई-वडिलांपैकी एकाचं इथे कायदेशीर वास्तव्य पाच वर्षांचं असावं लागतं आणि कायमचा परवानाही हवा. माझा तो अजून झालेला नाही, म्हणून बाळाचा पासपोर्ट भारतीयच.

बाळंतिणीच्या देखभालीची काळजी करू नकोस. इथे घरी सुईण येते. पहिले दहा दिवस हवं तर रोज, आणि पुढे बाळ बारा आठवड्यांचं होईपर्यंत अधूनमधून. खर्च विमा देतो. डिंकाचे लाडू मात्र ती करत नाही, तेव्हा तू ये.

तुमचा व्हिसा वेगळा, पाहुण्यांचा. 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं, आणि त्यात येण्याचा आणि जाण्याचा दिवसही मोजतात. सीमेवर आता शिक्क्याऐवजी फोटो घेऊन संगणकात नोंद होते, त्यामुळे एखादा दिवस इकडेतिकडे खपत नाही. हा व्हिसा इथे आल्यावर वाढवून मिळेल ही आशा ठेवू नका. आजारपण किंवा तसंच काही हाताबाहेरचं कारण असेल तरच वाढवतात, आणि नातवंडं सांभाळणं हे कारण त्यांच्या लेखी नाही. म्हणून तारखा विचारपूर्वक धरा. ऑक्टोबरात येऊन वाट बघण्यात दिवस घालवण्यापेक्षा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात या, म्हणजे जानेवारीच्या शेवटापर्यंत राहता येईल. खरी गरज दवाखान्यातून घरी आल्यावर असते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण अपॉइंटमेंट मिळायला वेळ जातो तेव्हा आत्ताच घ्या. फी माणशी 90 युरोंच्या बरोबरीचे रुपये, अधिक व्हिसा केंद्राचा सेवा आकार. प्रवास विमा निदान 30,000 युरोंचा हवा. बाबा, जुन्या दुखण्यांना तो विमा सहसा लागू होत नाही, म्हणून बीपीच्या गोळ्या तीन महिन्यांच्या आणा, आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घ्या. मी इथून तुमच्या खर्चाचं हमीपत्र करून पाठवतो, त्याची मूळ प्रत अर्जाला जोडायची. स्कॅन चालत नाही.

आई, आता तुझं काम. जन्माची नोंद इथल्या नोंदणी कार्यालयात आठवड्याच्या आत द्यायची असते. दवाखाना कळवतो, पण दाखला मिळायला आमचे कागद लागतात: दोघांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला, आणि त्यांची शपथबद्ध अनुवादकाने केलेली जर्मन भाषांतरं. आपल्याकडच्या जुन्या जन्मदाखल्यांत हमखास सापडणारा दोष म्हणजे मुलाच्या नावाचा रकाना कोरा. नोंद बारशाच्या आधी झालेली असते आणि नाव घालायला पुढे कुणी जात नाही. माझ्या दाखल्यावर नाव आहे. विहीणबाईंना मृणालचा दाखला काढून बघायला सांग. नाव नसेल तर ते घालून मिळतं का, हे त्यांनी नगरपालिकेत विचारावं. नाव असेल तर स्पेलिंग तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याशी आणि पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवून बघा. वडिलांचं नाव एका कागदावर पूर्ण आणि दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर असेल तर तेही मला कळव. कार्यालयाला शंका आली तर कागद भारतातल्या जर्मन वकिलातीमार्फत पडताळणीला जातात आणि त्यात महिने जातात. मग बाळाच्या नोंदीवर ‘पालकांची ओळख सिद्ध नाही’ असा शेरा पडतो, आणि दाखल्याऐवजी नोंदवहीचा उतारा हातात येतो. काम त्यावरही होतं, पण बाळाच्या पासपोर्टला प्रत्येक खिडकीवर समजावत बसावं लागतं. कुणी एजंट ‘अपोस्टिलचा शिक्का करून देतो’ (कागद परदेशात खरा धरावा म्हणून मारतात तो) म्हणाला तर पैसे देऊ नका, भारतीय कागदांवरचा तो शिक्का जर्मनीत धरत नाहीत.

नावाचंही आत्ताच ठरवायला हवं. मधलं नाव म्हणजे वडिलांचं, ही आपली पद्धत इथल्या फॉर्मात बसत नाही. नाव आणि आडनाव, दोनच रकाने. माझं नाव घालायचं तर ते बाळाचं दुसरं नाव म्हणून नावाच्याच रकान्यात जातं, आणि तसंच भारतीय पासपोर्टावरही घ्यावं लागतं. बारसं तुम्ही आल्यावर थाटात करू, पण कागदावरचं नाव त्याआधी द्यावं लागेल, तेव्हा पत्रिका, अक्षर, आत्याबाईंची पसंती हे सगळं ऑक्टोबरच्या आत उरका.

मृणालच्या जन्मदाखल्याच्या दोन मूळ प्रती काढायला सांग. नगरपालिका फी भरली की देते. एक घरी ठेवा, एक सप्टेंबरात कुरियरने पाठवा. तुमच्याबरोबर आणू म्हणाल, पण बाळ आधीच आलं तर? स्कॅन मात्र याच आठवड्यात पाठवा, तोही चपटा, चारही कोपरे आणि मागची बाजू दिसेल असा. अनुवादक मागच्या शिक्क्याचंही भाषांतर करतो.

तुमचा,
अभिजित