अण्णा, काचेची पट्टी अजून शाबूत आहे

आदरणीय अण्णा,

साष्टांग नमस्कार. तुम्ही नाव लिहू नको म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे होते.

एप्रिलमध्ये शेजारच्या जागेत पाया खोदायला जेसीबी आला. आमच्या भिंतीला खेटून, आमच्या पायाच्याही खाली, सगळी लांबी एका दमात खोदली. तिसऱ्या दिवशी आई भाकरी थापत होती आणि परातीत प्लास्टरचा पोपडा पडला. खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरका तडा गेला होता.

शेजारी म्हणाले, "काम ठेक्याने दिलंय, ठेकेदाराला विचारा." ठेकेदार म्हणाला, "घर जुनं, खाली काळी माती, तडे जाणारच." दोन आठवडे आम्ही या दारातून त्या दारात फिरलो. ज्यांच्यासोबत दरवर्षी गड्ड्याच्या जत्रेला जायचो, त्यांच्याशी बोलणं बंद झालं. आईला रात्री झोप नव्हती.

तुम्ही आलात आणि आधी कुणाशीच बोलला नाहीत. टॉर्च लावून तड्याच्या आत बघितलंत. मग आम्हाला, शेजाऱ्यांना आणि ठेकेदाराला बोलावून दाखवलंत: जुना तडा असता तर आत धूळ, जळमटं, चुना दिसला असता, हा आतून स्वच्छ आहे, कडा धारदार आहेत. तड्यावर आडवी काचेची पट्टी पीओपीने चिकटवलीत, टोकाशी पेन्सिलीने तारीख घातलीत. चौथ्या दिवशी काच मधोमध तडकली. भिंत अजून हलतेय, हे मग कुणाला सांगावं लागलं नाही.

न्हाणीघरातला तडा मात्र तुम्ही आमच्या यादीतून खोडलात. "हा जुना आहे, याचे पैसे मागू नको." त्या दिवशी मला राग आला होता, अण्णा. आज कळतंय, शेजाऱ्यांनी तुमचा शब्द मानला तो त्या खोडण्यामुळेच.

त्यांनाही तुम्ही स्पष्ट सांगितलंत, "खोदाई तुझ्या जागेत, तुझ्या घरासाठी. ठेकेदाराशी करार तुझा, यांचा नाही. यांचं नुकसान तू भर, आणि त्याच्या बिलातून कापून घे." नाहीच जमलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल करण्याआधीही अर्ज करता येतो, आणि लोकअदालतीत तडजोड झाली की तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकंच वजन असतं, हेही समजावलंत. तिथवर जावं लागलं नाही. तुमच्या ओट्यावर बसूनच 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर सह्या झाल्या.

तुमची घाई मृगाच्या आधी काम उरकायची होती, कारण काळी माती पाणी पिऊन फुगली की उघडा पाया धरत नाही. आमच्या भिंतीच्या पायाखाली चार-चार फुटांचे तुकडे, एक सोडून एक खोदून खालून बांधकाम भरून घेतलंत. उन्हात छत्री धरून उभे राहिलात, चहाशिवाय काही घेतलं नाहीत. मग तडा शिवला, सळया घातल्या, सिमेंटचं पाणी भरलं, आणि त्यावर तुम्ही नवी काच लावलीत.

पावसाळा गेला. काच अखंड आहे. दिवाळीला रंगारी आला तेव्हा आईने तेवढी जागा सोडायला सांगितली. शेजारच्या काकूंनी वास्तुशांतीचं बोलावणं आमच्याकडे पहिलं आणलं. तुमच्याकडेही त्या येतीलच, पण तुम्हाला न्यायला मी स्वतः गाडी घेऊन येणार आहे.

तुमचा,
तिसऱ्या बोळातला मुलगा
सोलापूर