मुलीची मुंज केली, पुढे काय?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मुलींच्या मुंजीवरून आपल्या पेपरात जी पत्रं येतायत ती वाचून राहवेना म्हणून लिहितेय. "हे कसलं नवीन खूळ, शास्त्रात कुठंय" म्हणणाऱ्यांनी आधी शास्त्र उघडून तरी बघावं. हारीत या जुन्या धर्मशास्त्रकारानं ब्रह्मवादिनी म्हणजे वेद शिकणाऱ्या आणि सद्योवधू म्हणजे थेट लग्न करणाऱ्या असे बायकांचे दोन प्रकार सांगितलेत आणि ब्रह्मवादिनींना उपनयन म्हणजे मुंज, अग्नी, वेदाध्ययन सगळं दिलंय, भिक्षासुद्धा, फक्त ती स्वतःच्या घरातच मागायची. यम नावाच्या स्मृतिकाराच्या नावावरचा श्लोक म्हणतो की पूर्वीच्या काळी मुलींचं मौंजीबंधन व्हायचं, शिकवायचं मात्र बाप, काका नाहीतर भावानं, बाहेरच्यानं नाही. मनुस्मृतीनं मग लग्न हीच बाईची मुंज करून टाकली, आणि आपण तेवढंच धरून बसलो!

पण माझी तक्रार विरोध करणाऱ्यांपेक्षा हौसेनं करणाऱ्यांबद्दल जास्त आहे. आमच्या नात्यात एका मुलीची मुंज झाली, हॉल, ड्रोन, मातृभोजनाचे फोटो, रील, मेखला काय, दंड काय, सगळं कसं एकदम झकास. नंतर सहज विचारलं संध्या, म्हणजे मुंजीनंतर रोज करायची उपासना, येते का गं, तर ती आईकडे बघायला लागली आणि आई म्हणाली क्लासमुळे टाइमच नाही मिळत. मुलांच्या मुंजीत हेच चालतं हे मान्य, तिथं तर सोडमुंजही, म्हणजे शिक्षण संपल्यावर करायचा विधी, त्याच दिवशी उरकतात, म्हणजे शिक्षण सुरू पण आणि संपलं पण. पण म्हणून मुलींनाही तोच पोकळ प्रकार द्यायचा का?

खरं शिकवणारी ठिकाणं आपल्याकडे आहेत. शिर्डीजवळ साकोरीला उपासनी महाराजांच्या कन्याकुमारी स्थानात कन्या कित्येक वर्षं वेदमंत्र म्हणतायत, यज्ञ करतायत. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी बायकांना पौरोहित्य शिकवते, आर्य समाजवाले तर कधीपासून मुलींना जानवं घालतात. तिथं पाठांतर असतं, उच्चार सुधारून घेतात, रोज बसावं लागतं.

तेव्हा एक विनंती. पुरवणीत मुंजीचे फोटो छापता तसं मुंजीनंतर मुलींना संध्या, सूक्तं कोण शिकवतं, कुठल्या वयापासून घेतात, ऑनलाइन शिकता येतं का, ही माहितीपण एकदा नीट छापा. मला नातीसाठी हवीच आहे.

आपली,
एक वाचक आजी