तीव्र मध्यम आणि दोन बोटं

सातपूर, नाशिक
रविवार

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज रडवेला झाला होता. तुमच्या बँडच्या रेकॉर्डिंगला स्टुडिओ एकच दिवस मिळतोय, जमवलेले पैसे तेवढेच आहेत, सात गाणी एका दिवसात होणार कशी, म्हणून पुढं ढकलू या असं बाकीची पोरं म्हणतात. मी हं हं केलं आणि फोन तुझ्या आईकडे दिला. मला जे सांगायचं होतं ते फोनवर नीट आलं नसतं, म्हणून लिहितोय.

2025 च्या जुलैत ऑझी ऑस्बॉर्न गेला तेव्हा तू हुंदके देत होतीस आणि मला कळेना की कुठला कोण परदेशी गाणारा, त्याच्यासाठी पोरगी एवढी का रडतेय. त्या रात्री तुझ्या खोलीत बसून मी त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकला. पाणचक्कीपुढं काळ्या झग्यातली बाई उभी आहे, ते त्या अल्बमच्या मुखपृष्ठाचं पोस्टर समोरच होतं. सत्यनारायणाच्या पूजेला दरवर्षी तुझी आई ते काढायला लावायची.

आधी पाऊस, गडगडाट, लांबवर घंटा. मग गिटार. खालचा सा, वरचा सा, आणि तिथून उतरून तीव्र मध्यम. मी उठून पेटी काढली आणि काळी पाचमध्ये वाजवून पाहिलं. तेच निघालं! आपल्या यमनात तीव्र मध्यमाला पंचमाची ओढ असते, तो पंचम आला की जीव खाली पडतो. या माणसानं पंचम दिलाच नाही. सुरावर बोट थरथरवत ठेवलं आणि सोडून दिलं. ऐकणारा टांगलेला राहतो. तिकडे सा आणि तीव्र मध्यमातल्या या अंतराला सैतानाचं अंतर म्हणायचे, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या बाजूचं ते लांबलचक गिटारवादन मला अजून पचत नाही, पण हे पहिलं गाणं मी तेव्हापासून शंभरदा ऐकलं असेल.

मग मी त्या गिटारवाल्याबद्दल वाचायला लागलो. टोनी आयोमी. बर्मिंगहॅमचं पोरगं, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. 17 वर्षांचा असताना नोकरीचा शेवटचा दिवस होता. बँडबरोबर बाहेर वाजवायला जायचं म्हणून काम सोडलेलं. दुपारी जेवायला घरी आला, परत जायचं नव्हतं, पण आईनं सांगितलं की काम नीट संपवून ये. त्या दिवशी दुसऱ्या मशिनवरची बाई आली नव्हती, म्हणून याला तिच्या प्रेसवर उभा केला. सवय नसलेली मशिन. तो डावखुरा, तारा दाबायचा हात उजवा, आणि त्याच हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं गेली.

हे वाचून मी फोन उलटा ठेवला, चिऊ.

माझं बोट तू लहानपणापासून बघतेस. 'मशिनमध्ये गेलं' एवढंच तुला ठाऊक आहे. 2001 सालची गोष्ट, तुझा जन्म व्हायचा होता. आमचा एक प्रेस ऑपरेटर आला नव्हता, सेकंड शिफ्टला मला त्याच्या पॉवर प्रेसवर बसवलं. क्लच घसरत होता, हे सगळ्यांना माहीत होतं. पेडल एकदा दाबलं आणि स्ट्रोक दोनदा पडला. मी तेव्हा कॉलनीतल्या भजनी मंडळात तबला वाजवायचो. गेलं ते डाव्या हाताच्या तर्जनीचं टोक, डग्ग्यावरचं. मंडळातल्या लोकांनी खूप समजावलं, पण मी जोडी गवसणीत घालून माळ्यावर टाकली. तू विचारलं होतंस तेव्हा पुडी, म्हणजे वरचं कातडं, फाटलीय म्हणून सांगितलं. ते खोटं होतं.

तू नववीत असताना बोटांना पडलेले घट्टे दाखवायला आलीस आणि मी उठून बाहेर निघून गेलो. बाबांना गिटार आवडत नाही, असं तू धरून चाललीस. तसं नव्हतं ग. मला तुझ्या बोटांकडे बघवत नव्हतं.

आयोमीलाही आता वाजवणं संपलं असंच सगळ्यांनी सांगितलं होतं. त्याचा फोरमन एक रेकॉर्ड घेऊन घरी आला, जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची. या जँगोची दोन बोटं आगीत निकामी झाली होती आणि तरी तो असा वाजवत होता. मग आयोमीनं काय केलं बघ. भांडी धुण्याच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, गोळा केला, सोल्डरिंग आयर्ननं त्यात बोटाएवढं भोक पाडलं, घासून घासून टोपी बेताची केली आणि वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. हे फिटरचं काम आहे. मी वाचताना हातानं ते करत होतो. जाड तारा दाबवत नव्हत्या म्हणून त्यानं बँजोच्या बारीक तारा चढवल्या. पुढं 1971 च्या तिसऱ्या अल्बमला गिटार खालच्या सुरात उतरवली, तारा सैल पडाव्यात म्हणून. आज जगभरचे मेटल बँड तसे खाली लावतात. तुमचा निखाऱ्यासारखा भारी आवाजही तिथूनच आलाय.

आता तुझ्या एका दिवसाबद्दल. तो अख्खा अल्बम 16 ऑक्टोबर 1969 ला लंडनमध्ये एका दिवसात रेकॉर्ड झाला, साधारण 12 तासांत. रॉजर बेन निर्माता होता. पाऊस आणि घंटा मागाहून घातली. चौघांनी स्टेजवर वाजवत तसं सलग वाजवलं, ऑझी त्यांच्याबरोबरच गात होता. एक गाणं झालं आणि आयोमीच्या गिटारचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा भाग, गेला. दुरुस्तीला वेळ कुठला? जवळची दुसरी गिटार, गिब्सन एसजी, उचलली आणि उरलेलं तिच्यावर केलं. पुढं तीच त्याची ओळख झाली. हे जमलं कारण ती गाणी त्यांच्या हातात बसलेली होती, क्लबांतून रोज कित्येक खेपा वाजवून.

13 फेब्रुवारी 1970 ला अल्बम आला. समीक्षकांनी झोडपला, लोकांनी घेतला. ब्रिटनच्या खपाच्या यादीत आठवा गेला. 2006 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं स्वागत करायला मेटॅलिका या मोठ्या मेटल बँडवाले उभे होते. आणि 2025 च्या 5 जुलैला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क या फुटबॉल मैदानावर तेच चौघं परत एकत्र, आपल्याच गावात. ऑझी सिंहासनावर बसून गायला. त्यानंतर 17 दिवसांनी तो गेला. आता मला कळतं तू का रडत होतीस.

तुम्ही ती सात गाणी दोन वर्षं वाजवताय. गणपतीत तू घरी आलीस तेव्हा गच्चीवर न बघता वाजवत होतीस, मी जिन्यात बसून ऐकत होतो. पोरांना सांग, तारीख बदलायची नाही. जादा तारांचा सेट बरोबर ठेव आणि कुणाची तरी दुसरी गिटार मागून घे. चार हजार पाठवतोय, दोन तास वाढवून मिळाले तर घ्या.

तबल्याची जोडी खाली काढली. डग्ग्याची वादी कुजली होती, पुडी नवी बसवून घेतली. मधल्या बोटानं घुमक निघते, तर्जनी नुसती टेकवायची. अजून हात जड आहे, द्रुत लयीत मागं पडतो.

रेकॉर्डिंग झालं की लगेच फोन कर. फक्त गुरुवारी साडेआठ ते दहा करू नकोस, त्या वेळी भजन असतं.

तुझा,
बाबा