मनू, फोन ठेवलास म्हणून लिहितोय

मनू,

काल तू फोन ठेवलास तर तुझी आई माझ्याकडंच बघायला लागली. रागावू नकोस. रजेचं मी परत काढणार नाही. २६ आठवड्यांतले ८ बाळंतपणाआधी घेता येतात हे तुलाही माहितीय, तुला सगळी रजा बाळ झाल्यावर हवीय, ठीकाय, तुझा हिशोब तुझा. मला फक्त डोहाळजेवणाच्या फोटोतलं विचारायचं होतं. अंगठी गळ्यातल्या चेनमध्ये का ओवलीयस? बोटात जात नाही ना?

बत्तिसावा आठवडा आहे, पाय सुजणारच, तेवढं मलाही कळतं. दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी पाय भरतात आणि रात्री आडवं झालं की उतरतात, ती सूज वेगळी. बोटं, तोंड, डोळ्यांच्या कडा एकाएकी सुजल्या तर ते वेगळं, ते बीपी वाढल्याचं असू शकतं. मागच्या व्हिजिटला बीपी नॉर्मल होतं म्हणतेस, पण मागची व्हिजिट कधीची गं?

बरं जाऊ दे. कुशीवर झोपतेस ना? डावी कूस बरी, उजवीही चालते, फक्त उताणी झोपू नकोस, पोटाचं ओझं मागच्या मोठ्या रक्तवाहिनीवर येतं. रात्री जाग आली आणि उताणी असलीस तर घाबरायचं नाही, वळायचं नि परत झोपायचं. गुडघ्यांत उशी घे, ती आजीची लांबट उशी नितीनरावांना माळ्यावरून काढायला सांग. रक्तवाढीच्या गोळीवर लगेच चहा पिऊ नकोस, लिंबूपाणी घे, आणि कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत नको, वेगळ्या वेळेला. जळजळतंय म्हणतेस तर एकदम ताटभर जेवू नकोस, थोडं थोडं खा, आणि जेवल्या जेवल्या आडवी होऊ नकोस. आत्याचा फोन येईल, मीठ बंद कर, पाणी कमी पी, सूज उतरते म्हणेल. हो हो म्हण आणि पाणी पी. दोन जिवांचं खा म्हणेल, तेही सोडून दे.

लेक्चर झालं बघ. सॉरी. तुझी आई आतून ओरडतेय, डॉक्टर आहात का म्हणून.

पण तिनंच सांगावं खरं तर. तू झालीस तेव्हा तिचेही पाय असेच भरलेले, सगळे म्हणायचे असतंच पहिलटकरणीला, माझी आई तर म्हणाली मुलगी होणार बघ. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता ही म्हणाली डोकं फुटतंय नि डोळ्यांपुढं काजवे चमकतायत. मी म्हटलं ऊठ, तर दोन भाकऱ्यांचं पीठ राहिलंय म्हणाली, आणि त्या करूनच तवा उतरवला. मग दादांच्या जीपमधनं कराडला. नर्सनं बीपी दोनदा घेतलं आणि काही न बोलता डॉक्टरांना बोलवायला पळाली. तू १ किलो ९००. काचेच्या पेटीत, मांजराच्या पिल्लाएवढी. मला आत सोडत नव्हते, मी दारातूनच बघायचो.

आणि आता तीच पोरगी आठव्या महिन्यात ऑडिट काढते, डोंबिवलीहून लोकलनं जाते. स्टँडवर कुणीही भेटलं की सांगतो मी. दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बाईला चालतं, तिथंच चढ, उगाच गर्दीत धक्के खाऊ नकोस.

तर, आबाचा पोरगा रविवारी तिकडं येतोय, त्याच्याकडं बीपीचं मशीन दिलंय. हसू नकोस. पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटं गप्प बसायचं, दंड छातीच्या उंचीवर, चहा पिऊन लगेच मोजायचं नाही. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, ऑडिट असू दे नाहीतर काही असू दे. आकडा बरा असला तरी डोकं गोळी घेऊनही थांबत नसेल, नजर अंधुक झाली, बरगडीखाली दुखलं तर रात्र आहे म्हणून थांबू नकोस. आईचं झालंय म्हणून तुला होईलच असं नाही. पण तुझ्या डॉक्टरांना आईचं सांगितलंयस का, एवढंच सांग मला. फाईलवर लिहायला लाव.

बाळाचं हलणं नेहमीसारखं आहे ना? कमी वाटलं तर गोड खाऊन वाट बघ असं कुणी म्हणालं तरी ऐकू नकोस, कुशीवर पडून मोज, दोन तासांत दहा हालचाली नाही झाल्या तर निघायचंच.

बाळंतपण तिकडंच करणार म्हणालीस, तर तिकडंच. आईचं बोलणं मनावर घेऊ नकोस, तिला माहेरपणाची हौस आहे. ती बॅग भरून बसलीय, छत्तिसावा लागला की येईलच.

मशीनचे सेल डब्यात वेगळे ठेवलेत. रोज सकाळी नुसते दोन आकडे व्हॉट्सॲपवर टाक, बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझे
अण्णा