विषय: बाईकच्या एक्झॉस्ट पाईपवर गंजावरच मारलेलं कोटिंग, भोकात भरलेली पुट्टी, आणि वर "सर, तुम्ही गाडी चालवली का?"

प्रति,
मॅनेजमेंट (कस्टमर केअर नव्हे, त्यांच्याशी माझं बोलून झालंय)

सप्रेम नमस्कार वगैरे लिहायचा मूड नाही. आत्ता पंधरा मिनिटांपूर्वी तुमच्याकडचा सातवा कॉल संपला, संपला म्हणजे तिकडून कट झाला, आणि चहा पण न घेता हे लिहायला बसलोय.

माझी गाडी २०१६ची, साडेतीनशे सीसी, सिंगल सिलिंडर. राहतो रत्नागिरीत, मिऱ्याच्या बाजूला, गच्चीवरून समुद्र दिसतो. इथे लोखंडाचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको, तुमचा धंदाच तो आहे. रात्री खारी हवा गाडीवर बसते, पुढच्या चाकाने उडवलेला चिखल बेंड पाईपच्या (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंत जाणारा वाकडा पाईप) पोटाला चिकटून राहतो, आणि माझं रोजचं रनिंग घर ते ऑफिस चार किलोमीटर, म्हणजे पाईप आतून नीट गरम व्हायच्या आधीच गाडी बंद. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, पाईप थंड असला की ते आतच थिजून बसतं. बाहेरून मीठ, आतून पाणी. आठ-नऊ पावसाळ्यांत क्रोमला फोड आले, क्रोम सोलायला लागलं, आणि शेवटी फ्लँजपासून, म्हणजे पाईप इंजिनाला जोडतात त्या टोकापासून, चार बोटांवर, जिथे पाईप खाली वळतो तिथे, ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पडलं. थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फट फट फट. शेजारच्या काकू म्हणायच्या आला बघ फटाकेवाला.

हे सगळं मी तुमच्या माणसाला फोटोसकट पाठवलं होतं. उत्तर आलं, "नो इश्यू सर, रिपेअर अँड रिकोट पॅकेज घ्या." ४,२०० रुपये. बिलावर काय लिहिलंय ते तसंच्या तसं सांगतो: सँडब्लास्टिंग, टिग वेल्डिंग, सिरॅमिक कोटिंग, ओव्हन क्युअरिंग, दोन वर्षं वॉरंटी. म्हणजे वाळूच्या माऱ्याने जुना गंज आणि क्रोम उडवायचं, भोक वेल्डिंगने बुजवायचं, वर उष्णता सोसणारा थर मारायचा आणि तो भट्टीत भाजून पक्का करायचा. चार कामं आणि एक वचन. त्यातलं एकही झालेलं नाही हे मी आता पुराव्यासकट सांगणार आहे, तेव्हा जरा बसून वाचा.

३ ऑक्टोबरला पाईप कुरिअर केला, ३८० रुपये माझ्या खिशातून. दहा दिवस म्हणालात. १३ नोव्हेंबरला परत आला. एक्केचाळीस दिवस! दिवाळीत गाडी पाईपाशिवाय उभी होती आणि मी मेव्हण्याच्या स्कूटरवर मागे बसून फराळाचे डबे वाटत फिरलो. त्याबद्दल सॉरीचा एक मेसेज सुद्धा नाही.

आला तेव्हा दिसायला झकास होता हे मान्य करतो. मॅट काळा, एकसारखा, हात फिरवावासा वाटेल असा. रायडर ग्रुपवर फोटो टाकून मीच तुमची फुकटात जाहिरात केली. १५ नोव्हेंबरला फिट केला, नवीन गॅस्केट टाकलं, ६० रुपये. सोबतच्या कार्डवर लिहिलं होतं तसं दहा मिनिटं आयडल (गाडी उभी, इंजिन चालू), पूर्ण थंड, मग वीस मिनिटं, पूर्ण थंड, मग तीस. घड्याळ लावून केलं. अख्खी सकाळ गेली. आणि तेव्हाच एक वास आला, प्लॅस्टिकची बादली चुलीजवळ राहिली की येतो तसा, पण मला वाटलं नवीन कोटिंग आहे, येत असेल.

२ डिसेंबरला, म्हणजे बरोबर सतराव्या दिवशी, वळणावर फोड दिसला. दुसऱ्या दिवशी बोटाने दाबला तर खळकन तुकडा निघाला, रुपयाच्या नाण्याएवढा. आणि त्याच्याखाली काय होतं माहितीये? धातू नाही. गंज. तोच माझा जुना, तपकिरी, ओळखीचा गंज! कडेला सोललेल्या क्रोमचा काठ पण जसाच्या तसा, नख लागेल असा. ब्लास्टिंग केल्यावर पत्रा राखाडी, खरखरीत, कोरा दिसतो, आमच्या हवेत तर तो दुपारपर्यंत पुन्हा पिवळा पडायला लागतो म्हणून लगेच कोट मारावा लागतो. हे मला एका साध्या वेल्डरकडून कळलं, तुम्हाला त्याचं स्टँडर्ड नंबरासकट पाठ असेल. मग माझ्या पाईपवर क्रोमचा काठ शिल्लक राहिला कसा? तुमची वाळू काय कापसाची होती?

आता खरी गंमत ऐका. भोक होतं तिथे पेनाची टोकदार बाजू लावून बघितली तर आत काळपट-पिवळा चुरा. पुट्टी. गाडीच्या दरवाजाला डेंट गेला की भरतात ती पुट्टी, एक्झॉस्टच्या बेंड पाईपमध्ये, इंजिनच्या तोंडाशी, जिथे थुंकी टाकली तर चर्र करून उडून जाते. टिग वेल्डिंगचे पैसे घेऊन भोकात पुट्टी भरायची आणि वरून काळा रंग मारायचा ही आयडिया ज्या कोणाची आहे त्याला मला एकदा भेटायचंय, भांडायला नाही, नुसतं बघायला.

म्हणजे ओव्हन क्युअरिंग पण झालेलं नाही. हे मी हवेत बोलत नाहीये. पाईप खरंच ओव्हनमध्ये गेला असता तर ती पुट्टी तिथेच धुमसली असती आणि जो वास माझ्या अंगणात आला तो तुमच्या प्लांटमध्ये आला असता. तुमचीच पुट्टी तुमच्याविरुद्ध साक्ष देतेय, मी काय करू.

अजून एक. पाईप पाठवताना सायलेन्सरच्या बाजूच्या टोकाला मी पांढऱ्या पेंट मार्करने "रत्नागिरी" लिहिलं होतं, दुसऱ्या कोणाच्या पाईपात मिसळू नये म्हणून. परवा त्या टोकाचं कोटिंग ब्लेडने खरवडलं, सहज निघालं, आणि खाली भाजून पिवळट झालेलं पण स्वच्छ वाचता येईल असं "रत्ना". ब्लास्टिंग सोडा हो, थिनरचा बोळा सुद्धा फिरवला नाही कोणी. फोटो जोडलाय, झूम करून बघा.

आता आजचा कॉल. आधीच्या सहा कॉलचं सांगत नाही, त्यात नुसतं "टीमला फॉरवर्ड केलंय" आहे. आज अकरा मिनिटं होल्डवर ठेवून एक मॅडम आल्या. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, आठव्यांदा बहुतेक, तिकीट नंबर त्यांच्या समोर असूनही. ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, कोटिंगनंतर तुम्ही गाडी चालवली का?"

मी म्हटलं, हो.

"किती चालवली?"

दोनशे साठ किलोमीटर, म्हटलं, सतरा दिवसांत, पळवली पण नाही.

"मग सर, गाडी चालवल्यामुळे पाईप गरम झाला असेल ना?"

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हटलं मॅडम, तो बेंड पाईप आहे, इंजिनातून जळलेला गॅस त्यातूनच बाहेर येतो, तो गरम होणार नाही तर काय होणार. तर म्हणतात, "हो सर, तेच सांगतेय, टेक्निकल टीमने रिमार्क टाकलाय, हीट रिलेटेड डॅमेज. ते वॉरंटीमध्ये कव्हर होत नाही."

मी दोन मिनिटं खरंच गप्प बसलो. मग शांतपणे, अगदी शांतपणे विचारलं, की तुमच्या बॉक्सवर "१००० डिग्रीपर्यंत" लिहिलंय ते कशाचं आहे? "ते सर प्रॉडक्टचं स्पेसिफिकेशन आहे, वॉरंटी वेगळी." म्हणजे कोटिंग हजार डिग्री सहन करतं, पण वॉरंटीला ऊन लागतं. मग पाईप लावायचा कुठे? शोकेसमध्ये? देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकू लावू?

ह्यावर त्या चिडल्या नाहीत, उलट पुढे वाचायला लागल्या. "आणि सर, तुमचा पत्ता कोस्टल एरियामध्ये दाखवतोय. समुद्राजवळ राहणाऱ्या कस्टमरना वॉरंटी लागू नाही." म्हटलं हे ऑर्डर घेताना का नाही सांगितलं? रत्नागिरीचा पत्ता टाकूनच ऑर्डर गेली होती, कुरिअर रत्नागिरीहून आलं, पाईपवर पांढऱ्या अक्षरात रत्नागिरी लिहिलं होतं जे तुम्ही पुसलं पण नाही. तर विचारतात, "सर, समुद्र तुमच्याकडे कधीपासून आहे?"

परत लिहितो, कारण रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेल तर ऐका. समुद्र. तुमच्याकडे. कधीपासून आहे.

मी म्हटलं मॅडम, मी जन्मलो तेव्हा होता, आजोबांच्या वेळी पण होता असं ऐकून आहे. त्यांनी टाइप केलं! कीबोर्डचा आवाज आला मला. आणि मग म्हणाल्या, "म्हणजे खरेदीच्या आधीपासून होता, ते प्री-एक्झिस्टिंग कंडिशनमध्ये जातं सर." आणि मी सिनियरशी बोलायचंय म्हटल्यावर लाईन गेली.

त्या मॅडमवर माझा राग नाही. त्यांना समोर कागद दिलाय तो त्या वाचतात, बेंड पाईप कशाला म्हणतात हे पण त्यांना कोणी दाखवलं नसेल. राग तो कागद लिहिणाऱ्यावर आहे. आणि तुमच्या पेजवरचा पहिलाच फोटो बघा, किनाऱ्यावरच्या वाळूत उभी बाईक, मागे लाटा, खाली "गंजाला विसरा". त्या बाईकला तरी वॉरंटी आहे का?

शेवटी काय केलं ते पण सांगतो. आमच्या नाक्यावरच्या वेल्डर चाचांकडे पाईप नेला. त्यांनी भोकावर हातोडीचा दांडा टेकवला, पुट्टी आत पडली, आणि म्हणाले, "ह्यात वेल्डिंग झालेलंच नाय रे, तुला कोणी गंडवला?" मग आजूबाजूचा कुजका पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत ग्राइंडरने कापून काढला, तेवढ्याच जाडीच्या जुन्या पाईपचा तुकडा वळवून बसवला आणि टिगने गोल फिरवून शिवला. चाळीस मिनिटं, ३५० रुपये, वर चहा त्यांनीच पाजला. फट फट बंद. हे काम तुमच्याकडे एक्केचाळीस दिवसांत झालं नाही. एक्केचाळीस! ह्याचा हिशोब मला अजून कोणी दिलेला नाही.

आता मला काय पाहिजे ते. ४,२०० अधिक ३८० अधिक गॅस्केटचे ६० अधिक चाचांचे ३५०, एकूण ४,९९० रुपये, माझ्या खात्यात. कूपन नको, पुढच्या ऑर्डरवर वीस टक्के तर मुळीच नको. आणि दुसरं, लेखी उत्तर, कंपनीच्या लेटरहेडवर: माझा पाईप ब्लास्ट केला होता का, हो की नाही. वेल्ड केला होता का, हो की नाही. ओव्हनमध्ये गेला होता का, हो की नाही. "टीम बघतेय" हे उत्तर चालणार नाही.

पंधरा दिवस वाट बघतो. नंतर १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, आणि तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो तिथे तक्रार टाकता येते, म्हणजे रत्नागिरीत, आणि पाच लाखांच्या आतल्या मामल्याला फी नाही. मला फक्त पेट्रोल लागेल. तुम्हाला मात्र तारखेला घाट उतरून यावं लागेल. हे मी धमकी म्हणून लिहीत नाहीये. बरं, लिहितोय.

आणि वाईट पैशांचं कमी वाटतंय. ग्रुपवर माझा फोटो बघून तिघांनी पाईप काढून तुमच्याकडे पाठवायची तयारी केली होती, त्यांना मीच फोन करून थांबवलं. एकाचा पाईप तर पॅक पण झाला होता. नवीन पाईप घे म्हणून घरचे सांगत होते, मीच म्हटलं की नको, दुरुस्त होतंय ते फेकायचं कशाला, लोक चांगलं काम करतात अजून. आता रोज जेवताना ते ऐकून घेतो.

पाईप तपासायला परत पाठवा असं तुमच्या मेलमध्ये आहे. पाठवणार नाही. कोटिंगचे तुकडे, पुट्टीचा चुरा आणि कापून काढलेला पत्रा, तिन्ही वेगवेगळ्या डब्यांत भरून तारीख टाकून कपाटात ठेवलंय, पाईप गाडीवर आहे. तपासायचं असेल तर माणूस पाठवा, पत्ता तुमच्याकडे आहेच. मिऱ्याला उतरला की कोणालाही विचारा म्हणावं, समुद्राच्या बाजूचं घर, समुद्र अजून तिथेच आहे.

— तुमचा कस्टमर (प्री-एक्झिस्टिंग)